चाळीस शब्दांची आई

माझं इंग्रजी मोजलं तर चाळीस शब्दांचं. खोटं कशाला बोलू? परभणीत बी.ए. झाले ती मराठीतून, आणि इंग्रजीत सुटले ती गाईड पाठ करून. पण मराठीत म्हणाल तर माझा हात कुणी धरणार नाही. माझे काका म्हणायचे, ही द्वारका झोपली तरच आपल्याला बोलायला मिळतं. अशा बाईचं लेकरू साडेचार वर्षांचं झालं तरी बोलेना, आणि त्याला कारण मीच होते.

आम्ही इकडं आखातात, महबूलात राहतो, चौथ्या मजल्यावर. माझा नवरा अरुण बँकेत आयटीत आहे. आमची स्पृहा तीन वर्षांची असताना नुसती टकळी चालवायची. खिडकीतल्या पारव्यालासुद्धा "जेवलास का रे?" म्हणून विचारायची. मग तिला शाळेत घातलं आणि पहिल्याच महिन्यात मॅडमची चिठ्ठी आली: मूल गोंधळतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. अरुणनं ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली. "आजपासून घरात मराठी बंद," म्हणाला. "चार महिने त्रास होईल, मग बघ कशी फाडफाड बोलते." मीही नंदीबैलासारखी मान डोलावली. शाळा म्हणते, नवरा म्हणतो, मग मी कोण शहाणी लागून गेले?

झालं. जेवताना चिऊचा घास, काऊचा घास बंद. ते इंग्रजीत कसं म्हणायचं, मला कुठं ठाऊक? "ईट," म्हणायचं आणि घास कोंबायचा. "कम. शूज. फास्ट. नो. फिनिश." अरुण यायचा तोवर तिची झोपायची वेळ झालेली असायची. म्हणजे दिवसभर लेकराच्या कानावर फक्त माझे ते चाळीस शब्द. दीड वर्षात ती हळूहळू गप्प होत गेली. मराठी गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलंच नाही.

जानेवारीत मॅडमनी आम्हाला बोलावलं. शाळेतही ती बोट दाखवते, बोलत नाही. मार्चमध्ये एक चित्र दाखवू, त्यावर वाक्यात बोलली तर वरच्या वर्गात घेऊ, नाहीतर दुसरी सोय बघा. परतताना गाडीत अरुण म्हणाला, "दुसरीकडं आता जागा मिळायची नाही. नाही जमलं तर तुम्ही दोघी परभणीला जा. मी येत जाईन वर्षातून एकदा." म्हणजे बाप इकडं आणि लेक तिकडं!

त्याच आठवड्यात शेजारची माहीन चहाला आली. माहीन रत्नागिरीकडची. तिची हिबा सहा वर्षांची. आईशी घरची कोकणी, खालच्या वॉचमनशी हिंदी, शाळेत इंग्रजी, सगळं धडाधडा बोलते. ती गोंधळली नव्हती बरं का कुठं. आम्ही चहा घेत होतो आणि स्पृहा कोपऱ्यात बाहुली घेऊन बसली होती. एकदम तिचा आवाज आला.

"सिट. नो. ईट. फास्ट. फिनिश!"

बोट रोखून. माझाच सूर, माझ्यासारखेच डोळे वटारलेले.

माहीननं कप खाली ठेवला. "काय गो द्वारका, लेकीशी अशी बोलतेस तू? हवालदार आहेस काय?"

आधी तिचा राग आला, मग मला रडूच फुटलं. पोरीत काही खोट नव्हती. मी तिला जेवढं दिलं होतं तेवढंच तिच्यापाशी होतं. उठले, फ्रिजवरची चिठ्ठी काढली आणि चार तुकडे करून कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी अरुण भडकला. "दोन महिने राहिलेत आणि तू उलटं काय करायलीस? परीक्षा इंग्रजीत आहे!"

"असू दे. बोलणारं लेकरू उद्या इंग्रजीही बोलंल. आधी ते बोलू तर दे."

"आणि नाही बोलली तर?"

"तर बॅगा मीच भरीन. पण हे दोन महिने माझे. मध्ये बोलायचं नाही."

हात झटकून तो आत निघून गेला. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी सुटले ती सुटले. दात घासताना बोलले, कणीक मळताना बोलले. लिफ्टमधले आकडे वाचून दाखवले. सोसायटीच्या दुकानात भोपळ्यापासून माशांपर्यंत सगळ्यांची ओळख करून दिली. लोक बघायचे, बघू देत. दुकानाची ती सवलतीची रंगीत पत्रकं असतात ना, त्यातली चित्रं कापून वहीत चिकटवली. चित्राखाली मी मोठ्या अक्षरात लिहायचे: टोमॅटो लाजला. काकडी रुसली. आणि बोट फिरवत रोज वाचायचो. खाली कचऱ्याच्या डब्यामागं एका मांजरीनं पिल्लं घातली होती. घास भरवताना रोज तिची नवी हकीकत सांगायचे, आज मांजरीनं काय खाल्लं, पिल्लू कुणावर गुरकावलं.

तीन आठवडे स्पृहा नुसती ऐकत होती. एक शब्द नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे मी, आणि तोंड धुऊन पुन्हा सुरू व्हायचे. हट्टाला पेटले होते म्हणा ना.

चौथ्या आठवड्यात मी वरणावर कोथिंबीर टाकत होते. मागून आवाज आला, "नको ना आई. ती दाताला चिकटते."

त्या दिवशी कोथिंबीर कचऱ्यात गेली. पुढं पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. पण सगळं मराठीत. इंग्रजीचा एक शब्द तोंडातून निघेना, आणि मार्च उजाडला.

शाळेत मॅडम म्हणाल्या, आईवडिलांपैकी एकालाच आत बसता येईल. अरुण उठायच्या आत मी उठले. तो माझ्याकडं बघतच राहिला.

मॅडमनी चित्र पुढं ठेवलं. गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालते आहे आणि खाली एक मांजर मोजा तोंडात धरून पळते आहे. "टेल मी," मॅडम म्हणाल्या. स्पृहानं चित्र पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मॅडमनी पेन उचललं.

माझं डोकं सणकलं. "मॅडम," म्हणलं, "फर्स्ट मराठी. देन इंग्लिश. प्लीज." हात जोडले नव्हते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मान हलवली.

"सांग गं बाळा," मी म्हणलं.

आणि ती सुटली. मांजरीचं पिल्लू डब्यामागं बसलंय, त्याला थंडी वाजतेय, बाकीची पिल्लं त्याला जवळ घेत नाहीत, म्हणून मांजर त्याला पांघरायला मोजा नेतेय, आणि वरच्या काकू उगंच ओरडायल्यात. एका दमात. संपल्यावर मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी माझे चाळीस शब्द चाचपले.

"कॅट," म्हणलं, "टेक... सॉक."

स्पृहा वाट बघत होती. मी पुढं काही बोलेना. "आई, पिल्लू राहिलं!"

"अगं, मला येत नाही ते इंग्रजीत."

"असं कसं! पिल्लू नाही सांगितलं तर त्यांना वाटेल, मांजर चोर आहे."

तिच्या कपाळाला आठी पडली. माझीच आठी. मग ती खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली, चित्रावर बोट ठेवलं आणि मॅडमना म्हणाली, "शी इज नॉट बॅड. हर बेबी इज कोल्ड. शी विल गिव्ह इट बॅक टुमॉरो."

मॅडमचं पेन तसंच हातात राहिलं. मी पदर नव्हता म्हणून ओढणी डोळ्यांना लावली. दीड वर्ष शाळेत ऐकलेलं सगळं होतं तर हिच्यापाशी! सांगावंसं वाटेल असं काही तेवढं नव्हतं.

"एप्रिल," मॅडम म्हणाल्या, "नेक्स्ट क्लास." एवढं इंग्रजी मला कळतं.

बाहेर अरुण येरझाऱ्या घालत होता. तो स्पृहापुढं उकिडवा बसला. "व्हॉट डिड यू से, बेटा?"

"बाबा, नीट विचार ना."

अरुणनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "काय काय बोललीस गं आत?"

मग ती त्याला सांगायला लागली. मांजर, मोजा, पिल्लू, ओरडणाऱ्या काकू. गाडीत बसलो तरी चालू, महबूलात पोचलो तरी चालू. लिफ्टमध्ये मी काही म्हणायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. चौथा मजला येईपर्यंत मला एक शब्दही बोलायला मिळाला नाही.