खाली ठेवलेला पेला

फुहैदच्या बैठकीत शिरताच मुतलकची नजर आधी आपल्या जागेवर गेली. फुहैदच्या उजव्या हाताची ती गादी, आणि तिथे आज फुहैदचा धाकटा मेव्हणा रकान ठाण मांडून बसला होता. मुतलकला बघून तो फुहैदच्या कानाशी काहीतरी कुजबुजला, तेव्हा कुठे फुहैद म्हणाला, "ये ये मुतलक! तुझीच वाट बघत होतो."

'दिसतंय की,' मुतलक मनात म्हणाला आणि दाराजवळच गाझीशेजारी टेकला.

यंदा पाऊस मनासारखा झाला होता. रियाधबाहेर खर्राराच्या लाल वाळूत तळं भरलं होतं, काठाने गवत उगवलं होतं. असा वसंत आला की तंबू घेऊन तिथे राहायला जायचं, हा या तिघांचा तरुणपणापासूनचा नेम. वाळूत पहिली गाडी मुतलकची, मग फुहैदची, मग गाझीची. टायरची हवा कुठे कमी करायची, कुठली टेकडी कुठून चढायची, सगळं मुतलक सांगणार. घरात त्याला कुणी विचारत नसे, पण खर्राराच्या वाळूत त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"यंदा पश्चिमेकडून जाऊ या, मुतलककाका," रकान म्हणाला. "तिकडे वाळू घट्ट आहे, हिसके कमी बसतील. मी जाऊन बघून आलोय."

"हिसके? तळ्यावर चाललोय का बाळंतिणीला घेऊन?" मुतलक म्हणाला.

गाझी खो खो हसला. फुहैद मात्र हसला नाही. "पश्चिमेकडूनच जाऊ," तो म्हणाला. "आणि पुढे रकान राहील."

मुतलकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालचं पोर, मिसरूड फुटून चार दिवस झाले नाहीत, आणि हे पुढे राहणार! आता तर त्याला रकानचं सगळंच खुपायला लागलं. फुहैदच्या फोनवरचे निरोप हा वाचून दाखवतो. खजुराची बी काढून त्याच्या हातात ठेवतो. परवा मशिदीच्या दारात तर त्याचा दंडच धरला होता. चमचा मेला! आणि फुहैदला हे गोड लागतंय. इतक्या वर्षांची दोस्ती एका पोराच्या लाडीगोडीपुढे फिकी पडली.

रकानने कॉफी ओतली. मुतलकने भरलेला पेला घेतला आणि ओठाला न लावता समोर गालिच्यावर ठेवला.

गाझीचं हसू थांबलं. पाहुण्याने पेला असा ठेवला की त्याचं काही मागणं असतं, आणि यजमानाने 'दिलं' म्हटल्याशिवाय तो पीत नाही. मागणं न ऐकताच 'दिलं' म्हणायचं, यातच घराची अब्रू.

फुहैद आपला तंबूच्या खुंट्यांबद्दल बोलतच राहिला. पेल्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. असा अपमान मुतलकचा कुणी केला नव्हता.

शेवटी रकान फुहैदकडे झुकला. "भावोजी, मुतलककाकांनी पेला खाली ठेवलाय."

फुहैद चमकला. "पी मुतलक! दिलं. जे असेल ते दिलं."

मुतलकने एका घोटात पेला संपवला. "हा पोरगा तळ्यावर येता कामा नये. आपण तिघंच जायचं, नेहमीसारखं."

रकानचा चेहरा उतरला. "दिलं म्हटलंय, तर दिलं," फुहैद म्हणाला. "रकान येणार नाही. मग मीही घरीच."

"का? त्याच्यावाचून अडलंय तुझं?"

"अडलंय. माझी गाडी तोच चालवणार होता. डोळे गेले, मुतलक. कडेचं थोडं दिसतं, समोर सगळा धूर. आत्ता तुझा आवाज ऐकतोय, तुझं तोंड दिसत नाहीये."

गाझीने कपाळाला हात लावला. मुतलकला वाटलं, गालिच्याने आपल्याला पोटात घ्यावं.

"मग माझ्या गाडीत बस की! मला का नाही सांगितलंस? या पोराला सांगितलंस!"

"हेच म्हणशील म्हणून नाही सांगितलं. तुझ्या गाडीत बोचक्यासारखा बसलो की माझी गाडी कायमची दारात. जन्मभर तुझी धूळ खाल्ली, लेका. काही दिसतंय तोवर एकदा पुढे राहून तळं बघायचं होतं."

मुतलकने आपला पेला रकानपुढे धरला. रकानने उठून तो भरला आणि जागेवर परतला. मुतलकने तो पुन्हा खाली ठेवला. एका बैठकीत दोनदा मागणारा माणूस गाझीने आजवर बघितला नव्हता; त्याने मानच फिरवली.

"गप्प का सगळे?" फुहैदने विचारलं.

"मी पेला खाली ठेवलाय," मुतलक म्हणाला. "परत."

"आता काय? माझी गाडी हवी?"

"तिची धूळ हवी. हा चालवेल, तुम्ही दोघं पुढे. मी मागून येतो."

फुहैदने हात पुढे केला, तो भलतीकडेच गेला. मुतलकने पुढे सरकून तो धरला.

"पी," फुहैद म्हणाला. "निवली असेल."

रकान जागा द्यायला उठू लागला.

"बस तिथेच," मुतलक म्हणाला. "त्याला सगळं सांगायला कुणीतरी जवळ हवं."

म्हणाला खरा, पण म्हणताना पोटात जळायचं ते जळलंच.