सहीपुरती सून

धाकटी सून भाजी चिरत होती, तेवढ्यात सासऱ्यांनी फाइल ओट्यावर ठेवली. "हात पूस आणि सही कर."

बोलणी करताना याच सासऱ्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "आम्हाला हुंडा-बिंडा काही नको. मुलगी रसायनशास्त्र शिकलेली हवी." माहेरच्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. घरच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी रबरी हातमोजे बनत आणि माल तपासायला पदवीधर माणूस असल्याशिवाय सरकारी मंजुरी मिळत नसे, हे कोणी बोललं नाही. पगार देऊन माणूस ठेवण्यापेक्षा सून स्वस्त पडली.

"बाबा, काल भांडी घासताना आपल्याच मोज्यात पाणी शिरलं. हा माल तपासला कोणी?"

"तूच की! सही तुझी आहे ना?" सासरे खो खो हसले.

तिला हसू आलं नाही. तोच मोजा घालून कोणी परिचारिका रुग्णाच्या रक्तात हात घालणार होती. त्या दिवशी मात्र सहीवर भागणार नव्हतं, मंजुरीसाठी अधिकारी कारखान्यात येणार होते. नवऱ्याने गाडीत तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली. काहीही विचारलं तरी 'रोज बघते' म्हणायचं.

कारखान्यात अमोनियाचा वास नाकात झोंबत होता. मोज्यांचे साचे असलेले चिनीमातीचे पांढरे हात रांगेने रबराच्या चिकात बुडून वर येत होते. आपण शिकलो ते हेच, असं वाटून तिला भरून आलं.

अधिकारी म्हणाले, "चला मॅडम, तुमची प्रयोगशाळा दाखवा."

समोर तीन सारखी दारं होती. एवढी घोकंपट्टी झाली, पण प्रयोगशाळा कुठे आहे हे सांगायचं राहून गेलं होतं. नवरा भुवयांनी डावीकडे खुणावू लागला. तिला खूण कळली, पण ती जागची हलली नाही.

"मला माहीत नाही. मी इथे आज पहिल्यांदाच आलेय."

"घाबरलीय हो, नवीन आहे," सासरे घाईने म्हणाले.

"नवीन कसली? लग्न झाल्यापासून सह्या करतेय. स्वयंपाकघरात."

अधिकाऱ्यांनी डावं दार उघडलं. आत मोजे टांगून तपासायची मांडणी धूळ खात होती. तिने खोक्यातले मोजे काढले, पाण्याने भरले आणि टांगले. एकामागून एक मोजे गळू लागले. सासऱ्यांचे बूट भिजले.

"सह्या तुमच्याच?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्याच. माझ्या वाट्याचा दोष माझ्या नावावर लिहा. पण मंजुरी देऊ नका."

सासऱ्यांचा पारा चढला. "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? आज घरात पाऊल टाकून दाखव!"

"टाकणार, बाबा. घर माझंही आहे. पण यापुढे माल बघितल्याशिवाय सही नाही. नापास असेल तर नापासच लिहीन, मग तुम्ही मला जेवायला वाढलं नाहीत तरी चालेल."

नवरा खाली मान घालून उभा होता. तिने पुढचा मोजा नळाखाली धरला.

हुंडा घेतला नाही म्हणून छाती फुगवून फिरणाऱ्यांनो, ज्या प्रयोगशाळेच्या कागदांवर सुनेचं नाव लावलंत, तिचं दार सुनेला कधी उघडून दाखवलंत का?