नवसाचं घरी नेत नाहीत

गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्याच्या एका कडेला राख चिकटली होती, आणि ती फुंकावी की तशीच तुपात बुडवावी, एवढाच काय तो प्रश्न त्या क्षणी नमितासमोर होता. तिनं फुंकर मारली. थोडी राख उडाली, थोडी तिच्याच पापणीवर येऊन बसली. आत पदर सुटलेली खरपूस कणीक, त्यात मुरत जाणारं तूप, पत्रावळीवर वांग्याची झणझणीत भाजी... आणि पाठीवर थंडीतलं ऊन. हे गोळे तिनंच वळले होते, निशांतच्या आत्यानं, आनंदाबाईंनी, दाखवले तसे. हाताला लगेच जमलं, आणि जमणारच — ऑकलंडच्या लॅबमध्ये ती इतकी वर्षं लोकांचे कृत्रिम दात घडवत होती... पण हा विचार तिनं सवयीनं मागे सारला. लॅबचं नाव काढायचं नाही, असा तिनं नेमच केला होता.

नेम निशांतसाठी. त्याची नोकरी गेली, दोघांचाही व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला, म्हणून दोघं गाशा गुंडाळून वर्ध्याला परतले. नोकरी गेलेल्या पुरुषाला फार जपावं लागतं. आपण सोडून आलेल्या टेबलाबद्दल, त्यावरच्या दिव्याबद्दल, एखाद्या म्हातारीच्या दातांचा नेमका पिवळा रंग साधल्यावर होणाऱ्या आनंदाबद्दल त्याच्यासमोर बोलणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं. म्हणून ती गप्प राहिली आणि दर रविवारी त्याला बाहेर काढू लागली. पवनारची नदी, बोरधरण, सेवाग्रामला झाडांखाली उगाचच बसणं, येताना गाडीत गोरसपाकाची बिस्किटं आणि त्यांचा सीटभर चुरा. आधी हे सगळं औषध म्हणून, त्याचं मन रमावं म्हणून... मग कधी कोण जाणे, तिलाच गोडी लागली. गुरुवारपासूनच ती रविवारचं ठरवायला लागली. गेल्या रविवारी धरणाच्या भिंतीवर मोठ्यानं हसताना तिला स्वतःचंच नवल वाटलं होतं — अगं, मी सुखात आहे की काय इथे?

आजचा रविवार कारंजाचा. आत्यांच्या शेताच्या कडेला, नाल्यालगत मारुतीचं छोटं देऊळ, समोर गोवऱ्यांचा निखारा, लांबून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज. जेवणं झाली, निशांत पातेली घेऊन नाल्यावर गेला, आणि नमितानं पर्समधून डबा काढला.

"आत्या, थोडे रोडगे नेते हं. सकाळी दुधात कुस्करून खाऊ."

"नाई बाई." आत्यांनी परात हळूच आपल्याकडे ओढली. "नवसाचं घरी नेत नाईत. इथंच खाचं, उरलं तर गाईले द्याचं."

"नवस? कोणाचा?"

"काऊन, तुले नाई सांगतलं त्यानं? निशांतचाच तं. तिकडं राजीनामा देऊन राह्यला होता, तवा फोन आलता मले. म्हणे, आत्या, तुया मारोतीले सांगून ठेव. नमिता कटकट न करता वापस आली अन् इथं रमली, का रोडगे करतो. परवा म्हणे, आता रमली." आत्या मनापासून हसल्या. "मंग? रमली ना तू?"

"हो," नमिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

राजीनामा. म्हणजे नोकरी गेली नव्हती... त्यानं सोडली होती. त्या संध्याकाळी तो बूट न काढता सोफ्यावर बसला होता, "काढलं मला" एवढंच म्हणाला होता, आणि ती खाली बसून, त्याच्या नाड्या सोडून, एकेक बूट काढून ठेवत होती — स्वतःच्या हातांनी! — आणि तो वरून बघत होता. काय बघत होता? पुढे हुंदका दिला होता त्यानं. की तो मी ऐकला होता, ऐकायचाच होता म्हणून? त्याच आठवड्यात लॅबचा एक अख्खा विभाग तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं. ते तिनं त्याला सांगितलंसुद्धा नाही, उगाच लागेल त्याला. लॅबच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं आणि घरी येऊन त्याच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. हातात हात घेऊन म्हणाला असता, नमे, मला नाही करमत इथे, चल परत, तर भांडली असती ती, चांगली कडाकडा भांडली असती, आणि कदाचित... कदाचित आलीही असती. तेवढंही त्यानं तिला करू दिलं नाही. आणि नंतरचे हे सगळे रविवार, ती त्याला रमवते आहे असं समजत होती, तेव्हा तो शेजारी बसून, गोरसपाक खात, ही किती रमली ते बघत होता.

निशांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पातेली घेऊन वर आला. चेहरा उन्हानं लाल, प्रसन्न.

"नवस कशाचा होता रे?" तिनं विचारलं. आवाज साधाच निघाला.

तो किंचित थबकला, त्यानं आत्यांकडे बघितलं, मग पातेली पालथी घालायला वाकला. "काही नाही गं. आत्याची हौस."

इतकं सहज. हे इतकं सहज येतं याला, हे एवढ्या वर्षांत मला कसं दिसलं नाही? त्याच्या मानेवरच्या त्या ओळखीच्या वळीकडे बघत तिनं रिकामा डबा पर्समध्ये परत ठेवला. आत्यांसमोर बोलायचं नव्हतं. गाडीत बोलू, असं तिनं ठरवलं.

गाडीत ती बोलली नाही. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा मागे जात होत्या, पिवळी फळं पानांआडून दिसत होती, आणि ती गेल्या रविवारांमधून एकेक काढून तपासत होती — हा त्याचा, हा त्याचा, धरणाच्या भिंतीवरचा तोसुद्धा त्याचाच. एक तरी माझा असेल ना? फेकून द्यावेत म्हटलं तर एकही टाकवत नव्हता, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता. त्यानं फसवलं ते फसवलंच. पण माझं मनही त्याला जाऊन मिळालं, मला न विचारता.

"पुढच्या रविवारी गिरडच्या टेकडीवर जाऊ या?" तो म्हणाला. "सकाळी लवकर निघू."

"बघू," ती म्हणाली, काचेबाहेर बघत. तिला जायचं होतं. मनापासून जायचं होतं, आणि हे आता त्याला कधीही कळू द्यायचं नाही, एवढंच काय ते तिला स्वतःचं वाटलं.