हात वर, बायांनो

थोरल्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याच वर्षी आमच्या धुलाई कारखान्यात कर्णा बसला. त्याआधी तिथे गाणं होतं ते फक्त वन्संचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनीच मला त्या कामाला लावलं.

दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे इस्त्रीला यायच्या. यंत्र खाटेएवढं. चादर पसरायची, हाताने सुरकुत्या काढायच्या, मग टोकाला उभी असलेली बाई पायाने कळ दाबायची की तापलेलं झाकण धाडकन खाली. वाफेत तिला आमचे हात दिसत नसत. म्हणून वन्सं गायच्या. ओळी मनाला येतील त्या, कधी सासूवर, कधी मॅनेजरच्या टकलावर, शेवट मात्र ठरलेला, "हात वर, बायांनो, हात वर." आम्ही हात उचलायचे, मग कळेवरच्या बाईने कळ दाबायची. एवढंच ते गाणं.

कपड्यांच्या गाडीवर एक गिटारवाला कामाला होता. दारात उभा राहून ऐकायचा. पुढे तो मोठा गायक झाला तो याच चालीवर. "हात वर, मित्रांनो, हात वर." सगळा देश नाचला. मुलाखतीत म्हणाला, डोंगरावर सूर्य उगवताना पाहिला आणि गाणं सुचलं. डोंगर कसला डोंबलाचा. मळक्या चादरींचा ढीग पाहिला होता त्याने.

माझं डोकं फिरलं. वन्सं हसल्या. नाचू दे की लोकांना, म्हणाल्या, आपलं काय जातंय.

मग मॅनेजरने कर्णा आणून तेच गाणं लावलं, बायांना हुरूप यावा म्हणून. वन्सं लगेच त्याच्याकडे गेल्या. हा कर्णा भलत्याच वेळी हात वर म्हणतो, कळेवरची बाई फसेल, बंद करा म्हणाल्या.

"मावशी, सगळा देश यावर नाचतो, तुम्हालाच तेवढा त्रास?"

"देशाचे हात यंत्राखाली नाहीत. आमचे आहेत."

दुसऱ्यांदा गेल्या तर म्हणाला, गाण्यावर तुमचं नाव नाही म्हणून पोटात दुखतंय होय.

त्याच आठवड्यात कळेवर नवीन बाई आली. वन्सं एक सुरकुती काढत होत्या, त्यांची ओळ अजून अर्ध्यात होती. कर्ण्यातून 'हात वर' आलं आणि बाईने कळ दाबली. तिचा काय दोष? तिला तेच शिकवलं होतं. झाकण उचलेपर्यंत वन्संच्या उजव्या हाताचं व्हायचं ते झालं. वर गाणं चालूच. मी स्टुलावर चढून तार उपटली. मॅनेजर धावत आला आणि पहिलं काय बोलला असेल?

"तार कुणी तोडली?"

म्हातारपणी मी अक्षरं शिकले, तेव्हा त्या गाण्याच्या तबकडीचं पाकीट स्वतः वाचून पाहिलं. शब्दांपुढे त्या गिटारवाल्याचं नाव, चालीपुढेही त्याचंच. अजून ते गाणं समारंभात लागतं, लोक हात वर करतात. मी करत नाही.

थोरल्या लेकीचं लग्न त्या अपघाताच्या पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. त्याच्या आदल्या महिन्यात वन्सं वारल्या. हाताची जखम चिघळली होती.