खारबावचं पाणी

करिष्माच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली आणि तिच्या आजीने, हौसाबाईंनी, डॉक्टरच्या आधीच निकाल लावला: खारबावचं पाणी! खारबाव म्हणजे सूनबाईंचं, कमळचं माहेर. तिथे पंधरा दिवसांवर कमळच्या भावाचं लग्न, आणि नातीने तिकडे पाऊल टाकायचं नाही असा हुकूम सुटला. लेकीला घरी ठेवून भावाच्या मांडवात कुठल्या तोंडाने मिरवायचं, या विचाराने कमळला घास गोड लागेना.

भिवंडीच्या दवाखान्यात हौसाबाई जातीने हजर राहिल्या, गळ्यात घट्ट वजरटीक घालून. तापातसुद्धा त्या ती काढत नसत. सोन्याची फार हौस म्हणून घरचे त्यांना चिडवायचे.

डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली. "घरात आणखी कुणाला?"

"आमच्यात न्हाय. हिच्या म्हायेरी बघा," हौसाबाई म्हणाल्या.

"आजी, या गाठीचा दोष आईकडून आला तर मुलात मुका राहतो. बापाकडून आला तरच गाठ होते. जनुकं दोघांकडून मिळतात, पण काहींच्या बाबतीत एकाचंच चालतं. लूमवरच्या साटीनसारखं. ताणा-बाणा दोन्ही असतात, वर दिसतो एकच."

कमळने पदराआड हसू दाबलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याची, धनेशची मान तपासली. साफ!

"बघा, माझा पोरगा कसा लख्ख हाय!" हौसाबाईंनी जग जिंकलं.

"मग त्यांना तो त्यांच्या आईकडून आला असणार. त्यांच्यात गप्प बसला, मुलीत बोलायला लागला."

सगळ्यांच्या नजरा वजरटिकेकडे गेल्या. कमळकडे टोमणा तयार होता, आठवडाभर घोळवलेला. पण सासूला टिकेच्या दोऱ्याची गाठ सुटेना आणि तिला वाईटच वाटलं. तिने स्वतःच उठून गाठ सोडवली. खाली दुसरी गाठ होती, करिष्माच्या गाठीहून मोठी.

"बापाला व्हती, मला आली," हौसाबाई पुटपुटल्या. "माझ्या पोरांना कुणाला न्हाय, म्हनून म्हटलं, मिटलं."

"सांगितलंत ते बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता करिष्माच्या भावालाही तपासू. हिची लहान आहे, काढता येईल. आणि तुमचीही बघू."

बाहेर आल्यावर कमळ म्हणाली, "आई, लग्नाला तुम्हीपण चला. पण पाणी खारबावचंच प्यावं लागेल."

"पाज गं बाई, तांब्याभर पाज."

हौसाबाईंनी हातातली वजरटीक करिष्माच्या गळ्याला लावून पाहिली आणि पटकन मागे घेतली.

"नको. तुजा गळा उघडाच ऱ्हाऊ दे."