डिकीतलं मीठ

मी विचुंब्याच्या महादेवशेठची फियाट बोलतेय. जरा वाकून ऐका, मोठ्यानं बोलायचं साधन आता माझ्याजवळ राहिलेलं नाही. सध्या माझा मुक्काम पनवेलला, करंजाड्याच्या रस्त्यावरच्या नझीरभाईंच्या गॅरेजात, मागच्या भिंतीशी.

मी कारखान्यात जन्मले खरी, पण स्वतःला मिठागराचीच समजत आले. महादेवशेठनी मला घेतलं तेव्हा खाडीकाठी त्यांचं मिठागर होतं आणि भामाबाई नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. गावात दुसरी गाडी नव्हती. पोरं माझ्या आरशात तोंड बघायची आणि मोठी माणसं पोरांना हाकलून स्वतः बघायची.

त्या घरची एक रीत होती. पाहुण्यांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, आपल्या मिठागरातलं मीठ न्यायचं. भामाबाईंच्या माहेरी, आपट्याला निघालो की डिकीत गोणी पडायचीच. पाताळगंगेचं वळण आलं की महादेवशेठ हॉर्न वाजवायचे आणि भामाबाईंचा भाऊ हरेश हातातलं काम टाकून अंगणात यायचा. डिकीत मीठ सांडायचं. महादेवशेठ ते फडक्यानं झटकायचे आणि म्हणायचे, "मिठानं काय व्हनार हाय? आमची हाडं झिजली काय?"

त्यांची हाडं झिजली नव्हती. मी मात्र पत्र्याची.

पुढे जमीन संपादनात मिठागर भरावाखाली गेलं. शेवटच्या हंगामाची एक गोणी महादेवशेठनी माझ्या डिकीत ठेवली आणि कुलूप लावलं. देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू माझ्या स्वाधीन केली, याचा मला केवढा अभिमान वाटला! मोबदल्याच्या पैशातून नवा बंगला झाला, मुलाची, प्रणितची, नवी गाडी दारात आली आणि मी ताडपत्रीखाली गेले. दर पावसाळ्यात ते मीठ ओल प्यायचं, पाझरायचं, आणि मी आतून कुजत जायचे. दसऱ्याला मात्र हार, हळदकुंकू, नारळ, सगळं वेळच्या वेळी. माणसं पूजा मनापासून करतात, पण डिकी उघडून बघत नाहीत.

यंदा आपट्याहून निरोप आला. हरेशची दृष्टी पार गेली होती आणि त्यानं अंथरूण धरलं होतं. प्रणित म्हणाला, "आई, माझ्या गाडीतून जाऊ या ना."

"तुज्या गाडीचा आवाज त्याला काय ठावा?" भामाबाई म्हणाल्या. "माज्या फियाटीचा हॉर्न ऐकला तर त्याला कळंल, बहीण आली."

म्हणून मला नझीरभाईंकडे आणलं. त्यांनी जीव ओतून काम केलं. इंजिन खोललं, कार्बोरेटर साफ केला, हॉर्न जोडला. इंजिन धडधडलं तेव्हा महादेवशेठनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मलाही वाटलं, आता फक्त टायर घालायचे की निघाले मी आपट्याला.

टायर घालायला जॅक लावला. मी वर उचलले गेलेच नाही. जॅकच माझ्या पोटात घुसला.

नझीरभाई खाली वाकून बघून आले. "महादेवशेठ, इंजिनाची फिकीर नव्हती. पण हिला खाली वेगळा सांगाडा, चासी नाही, सगळा भार ह्या पत्र्यावर. आणि पत्राच उरला नाही. वेल्डिंग करू तर कशाला करू?"

"कशानं गेला?"

नझीरभाईंनी नुसती डिकी उघडली. गोणी फाटून गेली होती. मिठाचं एक ढेकूळ उरलं होतं आणि त्याच्याभोवतीच्या भोकांतून गॅरेजची फरशी दिसत होती. महादेवशेठनी चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवलं.

"चव तीच हाय," ते म्हणाले, आणि माझ्याच उघड्या दाराच्या कडेवर बसून रडले. मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. जमीन गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मग नझीरभाईंनीच तोड काढली. माझा हॉर्न काढला आणि प्रणितच्या गाडीला बसवला. तिच्या तोंडून माझा आवाज आला तेव्हा मी संपले, हे मला कळलं. भामाबाई जाताना माझ्या दाराला हात लावून गेल्या.

महादेवशेठनी ते ढेकूळ नव्या पिशवीत भरलं आणि प्रणितच्या डिकीत ठेवलं. "रिकाम्या हातानं कसा जाणार? थोडं हरेशला देऊ. बाकीचं हितंच डिकीत ऱ्हाऊ दे."

मला ओरडायचं होतं. पण ओरडायला होतं काय माझ्याजवळ? गाडी गेली. वळणावर माझा हॉर्न वाजला आणि मग ऐकू येईनासा झाला.

भंगारवाला मला बघून गेलाय. माझं काही मागणं नाही. पण तुम्हाला बोलता येतं. कुणी विचुंब्याला गेलात, तर प्रणितला एवढं सांगा, की बाबांची पिशवी डिकीतून काढ आणि घरात ठेव.