लाल दोऱ्याच्या गाठी

माझ्या थोरल्याची खोड अशी, की जगाला अक्कल वाटत सुटतो आणि घरापुरती शिल्लक ठेवत नाही. मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाइकाला दम देऊन सांगतो, "गाडी उभी ठेवू नका, वायरिंग सडतं." आणि बापाची गाडी मात्र मागच्या पत्र्याखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर सुतळी आवळून ठेवली. हे गेले त्याच आठवड्यात बांधली, ती बांधलीच.

धाकटीनं तेव्हा मागितली होती. लांबच्या कारखान्यात काम लागलं होतं तिला, जायला-यायला काही नव्हतं. हा म्हणाला, "ती बाबांची आठवण आहे. पाडलीस-बिडलीस तर?" पोरगी माझ्या वळणाची, दुसऱ्यांदा मागते थोडीच! सामान उचललं आणि कारखान्याजवळ खोली घेतली. फोन करायची तो मला. त्याच्याशी बोलणं म्हणजे "हो", "नाही", "ठेवते".

आणि आता कुठं, इतक्या वर्षांनी, रविवारी घरी येते म्हणाली. झालं, आमच्या चिरंजिवांना पान्हा फुटला.

"आई, गाडी चालू करून तिच्या हातात किल्ली देतो. मग तरी बोलेल ना माझ्याशी?"

"बघ बाबा," मी म्हटलं.

दुकान बंद ठेवून त्यानं सुतळी कापली. प्लॅस्टिक बाहेरून ठणठणीत कोरडं, आतून घामेजलेलं. इंजिन आणि टाकी साफ करण्यात शनिवार गेला. रविवारी सकाळी हेडलाइट उघडला, तर पितळेच्या भांड्यात आंबट कळकावं तशा सगळ्या वायरी हिरव्या. एक ओढली, टोक आतच तुटून राहिलं. दुसरी सोलली, तर तांबं काळं, चिमटीत धरताच भुगा.

तो फतकल मारून बसला आणि एकेक वायर बदलायला लागला. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू! पण जुना टेप सोलता सोलता एकदम थांबला.

"आई, हे बघ."

टेपाखाली लाल दोरा. माझ्या शिलाई मशीनचा. हे वायर जोडली की आधी दोरा गुंडाळून गाठ मारायचे, मग टेप. आपण केलेला जोड कुठला, ते पुढच्या खेपेला कळावं म्हणून. माझी रिळं संपायची आणि आमची जुंपायची. अशा गाठी जागोजागी निघाल्या.

"ह्या मी कापणार नाही," थोरला म्हणाला. "बाबांच्या हातच्या आहेत."

बाकी सगळं नवं घातलं आणि मधले ते कुजके जोड तसेच ठेवले. किल्ली फिरवली. दिवा मिणमिणला, गेला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"बॅटरी तर नवी आहे," मलाच सांगायला लागला, जशी काही मी फुंकर मारत होते.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. धाकटी आली ती स्वतःच्या मोटरसायकलवर. निळी, चिखलानं माखलेली, रोजच्या वापरातली. थोरल्याच्या हातातला पाना हातातच राहिला.

माझ्या गळ्यात पडून झाल्यावर तिनं वाकून हेडलाइटमध्ये बघितलं. "दादा, ह्या गाठी कशाला ठेवल्यास? आतून कुजल्यात रे. काप."

"मला नाही जमत."

"बाबा असते तर त्यांनीच कापल्या असत्या. वर तुला शिव्या मिळाल्या असत्या. आई, तुझी कात्री दे."

ती कापत गेली, हा मागोमाग नवी वायर जोडून सोल्डरचा डाग देत गेला. लहानपणी दोघं ह्यांच्या दोन्ही बाजूंना अशीच डोक्याला डोकं लावून बसायची. मी चहा आणून ठेवला, तो निवला, तरी कुणी वर बघितलं नाही. मला वाटलं, जमलं.

दिवा लख्ख लागला. चार लाथा खाऊन गाडीही सुरू झाली. थोरल्यानं गाडी बंद केली, किल्ली शर्टाला पुसली आणि तिच्यापुढं धरली. "घे. तुझीच आहे."

तिनं त्याची मूठ हलकेच मिटली. "राहू दे, दादा. मला तेव्हा हवी होती."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावलेलं माणूस परत भांडायला तरी येतं. ही हसून म्हणाली, गार चहा प्यायली आणि उजेड आहे तोवर निघून गेली.

थोरला तिथंच उभा. मग खाली पडलेले लाल दोरे वेचून खिशात घातले आणि ते प्लॅस्टिक झटकून पुन्हा गाडीवर घालायला लागला. तेव्हा मात्र माझी जीभ सुटली.

"ठेव ते खाली! बहीण उपाशी होती तेव्हा ताट झाकून बसलास, आता ती जेवून आल्यावर वाढतोस. तुझ्या बापानं दोरे गुंडाळले ते गाडी रोज पळावी म्हणून. उद्यापासून हिच्यावर बसून दुकानात जायचं. आणि पुढच्या रविवारी हिच्यावरच बसून तिच्या खोलीवर जायचं, बोलावलं नसलं तरी. दार उघडलं नाही तर पायरीवर बस. पण पुन्हा हे प्लॅस्टिक गाडीवर दिसलं ना, तर त्याच सुतळीनं तुला बांधून पत्र्याखाली ठेवीन!"